कंपनीने सोडलेलं अर्धं काम

दिगांबरभाऊंच्या हातात कुठलीही नवी वस्तू दिली की ते ती आधी उलटी करतात. मग चष्मा कपाळावर चढवून तिच्या कडेवरून अंगठा फिरवतात, अगदी सावकाश. अंगठा कुठेतरी अडतो. अडतोच. तो अडला की त्यांचा चेहरा उजळतो आणि ते म्हणतात, "पाह्यलं? कंपनी अर्धंच काम करते मॅडम. अर्धं आपल्यावर सोडते."

आम्ही वर्ध्याजवळ सेलूला राहायला आलो त्याच आठवड्यात ते शेजारधर्म म्हणून चहाला आले आणि जाताना माझी सांडशी घेऊन गेले. विचारून नेली, नाही असं नाही. पण मी हो म्हणायच्या आधीच ती त्यांच्या बगलेत होती. मी गरम पातेली फडक्याने उतरवत बसले. सांडशी परत आली ती पकडीच्या आत बारीक खाचा पाडून, दांड्यांवर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवून आणि खिळ्याला टांगायला भोक पाडून. चांगली झाली होती, हे मी कबूल केलं, आणि तिथेच चुकले. त्यानंतर त्यांनी आमच्या दाराची घंटा सुधारली. तिचा आवाज कर्कश होता म्हणे. सुधारल्यावर ती इतकी गोड वाजू लागली की आत कुणाला ऐकूच जाईना. पाहुणे दारात उभे राहून परत गेले. काही पाहुण्यांच्या बाबतीत ते बरंच झालं.

ते एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते, आता निवृत्त. लग्न केलं नाही. "केलं असतं तं तिले बी मॉडिफाय करत बसलो असतो," असं स्वतःच सांगतात. मॉडिफाय हा त्यांचा आवडता शब्द. तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या पोरांचे लाकडी बैल त्यांच्याकडे यायचे. एका वर्षी त्यांनी एका बैलाला असं मॉडिफाय केलं की चाकं फिरली की तो मान डोलवायचा आणि शेपटी हलवायचा. परीक्षकांनी त्याला बक्षीस नाकारलं. हा बैल नसून मोटारगाडी आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. दिगांबरभाऊ परीक्षकांशी भांडले नाहीत. त्यांच्या बसायच्या खुर्चीकडे पाहून एवढंच म्हणाले, "हिचा एक पाय आखूड हाय. देजो मले."

आता गजाननबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट त्याच्या तोंडाची आहे.

गजानन हा दिगांबरभाऊंचा धाकटा भाऊ. बराच धाकटा, त्यामुळे अर्धा मुलगाच. घर त्याचं, मागच्या खोलीत दिगांबरभाऊ राहतात. बसस्टँडजवळ गजाननचा पानठेला होता. आमच्या भागात पानठेला म्हटलं की पान नावापुरतं. खरा धंदा खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचं आणि एकजीव होईपर्यंत तळहातानं घोटायचं. दिवसभर घोटून गजाननच्या हातांना घट्टे पडले. ते पाहून दिगांबरभाऊंनी जुन्या मिक्सरच्या मोटरवर त्याला खर्रा घोटायची मशीन करून दिली. त्या मशीनने गाव गाजवलं. वर्ध्याहून लोक ती बघायला यायचे. असा मऊ खर्रा हाताने घोटून होत नाही, असं गिऱ्हाईकं शपथेवर सांगायची. दिगांबरभाऊ संध्याकाळी ठेल्यासमोरच्या बाकावर बसून ती स्तुती ऐकायचे. स्वतः मात्र कधी सुपारीचं खांड तोंडात टाकत नसत. गजानन मात्र माल बरोबर घोटला गेला की नाही ते चाखून बघायचा. प्रत्येक वेळी.

काही वर्षांनी त्याला तिखट सोसेनासं झालं. जिभेला आगीसारखं लागायचं. मग तोंड कमी उघडू लागलं. पोळीचा घास जाईना. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गालांच्या आत दोरीसारखे पट्टे धरलेत. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. याच्या जेमतेम दोन. खर्रा आजच्या आज बंद. तोंड असंच मिटत गेलं तर खाणं नाकातल्या नळीने. आणि त्या पट्ट्यांचं पुढे काय होऊ शकतं हे त्यांनी सांगितलं. त्या आजाराचं नाव आमच्या गल्लीत कुणीही मोठ्यानं घेत नाही.

ठेला बंद झाला. मशीन दिगांबरभाऊंनी घरी आणून स्क्रू न् स्क्रू वेगळा केला आणि भंगारवाल्याला दिली. त्या मशीनबद्दल त्यांच्या तोंडून मग कितीतरी दिवस एक शब्द निघाला नाही. माणूस सांडशीवर अर्धा तास बोलू शकतो आणि याच्यावर गप्प, म्हणजे ते त्याच्या किती आत गेलं असेल, हे मला कळत होतं. पण अशा गोष्टी शेजाऱ्यानं विचारायच्या नसतात.

घरातले चमचे गजाननच्या तोंडात जाईनात. हे दिगांबरभाऊंचंच क्षेत्र. त्यांनी एक स्टीलचा चमचा कानशीने दोन्ही बाजूंनी घासून अरुंद केला, पॉलिश पेपर मारला, अंगठा फिरवला. अंगठा अडला नाही. पण गजाननच्या तोंडातली कातडी आता अंगठ्यापेक्षा नाजूक झाली होती. चमच्याची न दिसणारी धार ओठाच्या आत लागली आणि त्याची जखम झाली. कितीतरी दिवस तो गार ताकावर होता. त्याची बायको शोभा आमच्या ओट्यावर येऊन रडली. दिगांबरभाऊ रडले नाहीत. ते माझ्याकडे मोबाइल घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, कानशीचं काम संपलं. आता चांगली रोटरी मशीन पाह्यजे. पेनासारखी हातात धरायची. बारीक दगड फिरते न तिच्यावर, थे."

मग जे सुरू झालं त्याला खरेदी म्हणता येणार नाही. लोक जावई शोधतात तेव्हासुद्धा इतकी चौकशी करत नाहीत.

पहिली मशीन त्यांनी मोबाइलवरून मागवली, फोटो बघून. सोबत एका डब्यात शंभरेक बिटा आल्या, म्हणजे टोकाला बसवायचे घासायचे तुकडे. दगडाच्या, नमद्याच्या, तारेच्या, आणि कशाच्या आहेत ते कुणालाच न कळणाऱ्या काही. मी म्हटलं, किती भरपूर दिलंय. ते म्हणाले, "लगनात आहेर जास्त आला म्हून पोरगा चांगला असते का?" मशीन सुरू केली. तिला एकच वेग ठाऊक होता, पळत सुटायचा. बीट मध्यावर फिरायचं सोडून नाचत होती. हात थरथरत होता. दिगांबरभाऊंनी ती बंद केली आणि म्हणाले, "हे चमचा मॉडिफाय नाई करत मॅडम. हे धरनाऱ्यालेच मॉडिफाय करते."

त्यानंतर ते गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचू लागले. इंग्रजी अभिप्राय मी वाचून दाखवायचे. मी बिचारी चांगले चांगले वाचायला घेतले, तर त्यांनी मला थांबवलं. "पाच ताऱ्यावाले नका वाचू. थे डबा उघडूनच खुश झालेले लोक असतात. एक ताऱ्यावाला वाचा. त्यानं काम केलं असन." मग आम्ही कितीतरी संध्याकाळी जगभरातल्या चिडलेल्या माणसांची गाऱ्हाणी वाचली. कुणाची मशीन तापली, कुणाची जोर दिला की थांबली, कुणाच्या मशीनचं तोंड बीट पकडेना. दिगांबरभाऊ प्रत्येक तक्रारीला मान डोलवायचे. त्या अनोळखी माणसांत त्यांना सोबत मिळाल्यासारखं वाटत होतं.

मग वर्ध्याची दुकानं. मला कॉलेजच्या कामाने जायचंच होतं, त्यांना गाडीत घेतलं आणि पस्तावले. दुकानदाराने मशीन दाखवली की हे आधी सुरू करून बघायचे, ते ठीक. मग सर्वांत कमी वेगावर ठेवून लाकडाच्या तुकड्यावर दाबायचे. "पळते तं सगळ्याच. हळू चालताना दम पाह्यजे," हे त्यांचं पहिलं कलम. दुसरी परीक्षा मात्र मला ठाऊक नव्हती. त्यांनी चालू मशीनची मूठ हनुवटीला टेकवली, दातावर दात दाबले आणि डोळे मिटले.

दुकानदार घाबरला. "काका, दाढीची मशीन नाई हो थे."

"माहीत हाय. हात खोटा बोलते, दात नाई बोलत," मिटल्या डोळ्यांनी उत्तर. "गिनगिन होऊन राह्यली. नापास."

त्या दिवशी तीन दुकानांतल्या सगळ्या मशीन नापास झाल्या. तिसऱ्या दुकानात तर माणसं जमली. मी बाजूला उभी राहून कुलपांचे भाव विचारत होते, माझा या गृहस्थाशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने. परत येताना मी जरा तोडूनच म्हटलं, की इतकं काय, एक चमचा तर घासायचाय. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, माह्या हाताची थरथर त्याच्या ओठात जाते."

मी गाडी जरा हळू घेतली.

शेवटी मशीन मिळाली ती नागपूरला, सोनारांचं सामान विकणाऱ्या दुकानात. मोटर वर आकड्याला टांगायची, तिच्यातून एक लवचीक नळी खाली येते, तिच्या टोकाला पेनाएवढी मूठ. वेग पायाने कमीजास्त करायचा, शिलाई मशीनसारखा. मोटर हातात नाहीच, त्यामुळे थरथरही नाही. म्हणाले, मूठ हनुवटीला लावली तर वाटलं बंदच आहे. किंमत त्यांनी मला आजतागायत सांगितलेली नाही. येताना केळझरला उतरून खोकं गणपतीसमोर ठेवलं. मशीन बाहेर काढली नाही, कारण देवळात गुलाल उडतो.

त्या मशीनवर त्यांनी केलेला पहिला चमचा मी हातात घेतला होता. मी कॉलेजात पोरांना सौंदर्य वगैरे शिकवते, तर सांगते, तो चमचा सुंदर होता. कड कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बोटाला कळत नव्हतं. त्या दिवशी गजाननने मऊ वरण-भात खाल्ला, चांगला वाटीभर. शोभाने आमच्याकडे शिरा पाठवला. दिगांबरभाऊ मात्र लगेच पुढच्या चमच्याला लागले, कारण गजाननचं तोंड थांबलेलं नव्हतं. ते मिटतच होतं. पहिला चमचा जाईना तेव्हा दुसरा तयार होता, त्याहून अरुंद. मग तिसरा, चपटा. प्रत्येक चमचा आधीच्यापेक्षा देखणा. कंपनीने सोडलेलं अर्धं काम कसं करावं याचा तो नमुना होता, आणि आम्ही सगळे त्याची वाहवा करत होतो. मीसुद्धा.

तपासणीच्या दिवशी दोघा भावांना मीच गाडीने दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, पुण्याकडची असावी. तिने गजाननचं तोंड पाहिलं, पट्टीने मोजलं आणि मागचा कागद पुन्हा एकदा बघितला. मग विचारलं, "जेवता कसे?"

दिगांबरभाऊंनी खिशातून चमचा काढला. रुमालात गुंडाळून आणला होता. कुणी विचारलं नसताना मशीनबद्दल सांगितलं, वेगाबद्दल सांगितलं, दातांच्या परीक्षेबद्दल सांगितलं. ती मुलगी शहाणी होती. तिने सगळं ऐकून घेतलं, चमच्यावरून बोट फिरवलं.

"फार छान केलाय काका," ती म्हणाली. "पण मी यांना आइस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या. दातांमध्ये धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. दुखतं, पण त्यानेच तोंड उघडतं. त्या लावता का हो?"

गजाननने खाली बघितलं. काड्या लावल्या की त्याच्या गालात फाटल्यासारखं व्हायचं. आणि कशाला लावायच्या? चमचा तर जात होता.

"तोंड लहान झालं की तुम्ही चमचा लहान केलात," डॉक्टरीण दिगांबरभाऊंना म्हणाली, अगदी हळू, "म्हणून तोंड उघडायची यांना गरजच उरली नाही. असंच चाललं तर थोड्या दिवसांनी मला नळी टाकावी लागेल."

दिगांबरभाऊंनी चमचा परत रुमालात गुंडाळला. त्यांना तो नीट गुंडाळता येत नव्हता.

परतताना पवनारचा पूल आला. गजानन मागच्या सीटवर डोळे मिटून पडला होता. धाम नदीला पाणी थोडंच होतं. दिगांबरभाऊ तिकडे बघत म्हणाले, "मशीन बरोबर घेतली मॅडम. काम उलटं केलं." मग बऱ्याच वेळाने, सेलू जवळ आल्यावर: "पह्यली मशीन बी बरोबरच होती. ठेल्यावरची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळे देखणे चमचे पेटीत घालून कुलूप लावलं. नायलॉनच्या पांढऱ्या ठोकळ्यातून त्यांनी एक पाचर कोरायला घेतली. एका टोकाला पातळ, दुसरीकडे जाड होत जाणारी. दात टेकतील तिथे उथळ खोबण, गालाला लागेल ती बाजू गोल. या वेळी आधी दवाखान्यात जाऊन ती डॉक्टरणीला दाखवली. तिने दोन ठिकाणी अजून गोल करायला सांगितलं, ते केलं आणि पुन्हा दाखवून आले. दिवसातून पाच वेळा ती दाढांमध्ये सरकवायची, सोसेल तितकी, आणि घड्याळ बघत धरून ठेवायची.

त्या घरात मग जे चाललं ते ऐकवत नसे. दोन घरांच्या मध्ये विटांची एकच भिंत. गजाननचे शब्द आधीच अर्धवट बाहेर पडायचे, एरवी ते दिगांबरभाऊच लोकांना समजावून सांगायचे, त्यात तो ओरडायचा. "तू भाऊ नाई, कसाई हाय," हे मात्र मला स्पष्ट कळलं. शोभा हात जोडायची. "दादा, आजच्या दिवस द्या न थो लहान चमचा. दोन घास तरी जातीन त्याच्या पोटात."

"आज देईन तं उद्या थो बी जानार नाई," दिगांबरभाऊ म्हणायचे. पेटीची किल्ली त्यांनी जानव्यासारखी गळ्यात घातली होती.

गजाननने भावाशी बोलणं टाकलं. पाचर तोंडात घ्यायचा, कारण शोभा समोर बसून रडायची. पण दिगांबरभाऊ खोलीत आले की भिंतीकडे तोंड करायचा. दिगांबरभाऊ आमच्याकडे यायचे थांबले. त्यांना कुणी वस्तू दुरुस्तीला देईनासं झालं. गल्लीत बोलणं व्हायचं की म्हातारा भावाला छळतोय. मी त्यांची बाजू घेतली का? मनात घेतली. मनातल्या बाजूचा कुणाला काय उपयोग, हे मलाही ठाऊक आहे.

परवा दुपारी मी शोभाकडे विरजण मागायला गेले. ती स्वयंपाकघरात भात घोटत होती. तिने मला हातानेच गप्प राहायची खूण केली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

पलंगावर गजानन बसला होता, तोंडात पाचर, डोळ्यांतून पाणी, हनुवटीवरून लाळ. त्याच्यासमोर स्टुलावर दिगांबरभाऊ. त्यांच्याही तोंडात पाचर होती. तशीच पांढरी, तशीच गुळगुळीत, पण केवढी तरी जाड. त्यांचा जबडा ताणून ताणून चेहरा ओळखू येत नव्हता. कानांजवळच्या शिरा फुगल्या होत्या. त्यांच्याही हनुवटीवरून लाळ गळत होती, आणि ती पुसायला हात उचलायचंही त्यांना भान नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत होते.

"आठ दिवस झाले," शोभा माझ्या कानात म्हणाली. "म्हने त्याच्या मापाची मले दुखतच नाई, माहं तोंड उघडते. म्हून सोतासाठी जाड बनवली. मले मना केलं, त्याले सांगू नको म्हने. आज थो भिताडाकडून इकडे वळला तवा दिसलं त्याले."

तेवढ्यात गजाननने आपल्या तोंडातली पाचर ओढून काढली. कितीतरी दिवसांनी तो भावाशी बोलला. शब्द तुटके होते, पण कळले.

"काढ दादा. तुहं बी तोंड गेलं तं माह्यं बोलनं लोकायले समजावून कोन सांगन?"

दिगांबरभाऊंनी मान हलवली. नाही. मग त्यांनी हात पुढे करून गजाननच्या हातातली पाचर घेतली, आपल्या धोतराच्या सोग्याने नीट पुसली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवून बघितला आणि भावाच्या ओठांपाशी धरली. गजाननने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडलं.